फ्रिजचा वरचा कप्पा

सुमन,

नितीनने परवा एक कोरी वही आणून दिली. म्हणाला, "मोठी आई, आईवर काहीतरी लिही. तिच्या शाळेतल्या मॅडम लिहिताहेत, मामा लिहिताहेत. छोटीशी पुस्तिका छापतो, नातेवाइकांत वाटू."

"मी चौथी शिकलेली. लिहिणारी ती होती."

"तू बोलतेस तसं लिही."

मी बोलते तसं लिहिलं तर त्याला छापवणार नाही, हे त्याला अजून माहीत नाही.

तुला जाऊन आज बावीस दिवस झाले. तू किती चांगली होतीस ते बाकीचे लिहितील. पोरींना पाढे कसे शिकवायचीस, कुणाच्या फाटक्या दप्तराला मधल्या सुट्टीत टाके कसे घालायचीस, सगळं येईल. मी एका नळीबद्दल लिहिणार आहे. करंगळीएवढी प्लास्टिकची नळी, लाल झाकणाची. तिच्यात तुझ्या छातीतलं पाणी होतं. तुझं दुखणं कशाचं आहे हे तिने सांगायचं होतं. मी तिला सांगू दिलं नाही.

हे तुला जिवंतपणी सांगायला माझ्याकडे सहा महिने होते. रोज तुझ्या खाटेशी बसून होते. तुझे केस विंचरले, पाय चेपले, भाजीला मीठ कमी झालं म्हणून तुझ्याशी भांडलेसुद्धा. हे सोडून सगळं बोलले.

आधी एक लिहून टाकते, फ्रिज तुझा होता. शाळेतून रिटायर झालीस तेव्हा तू आणलास. हमालांनी तो जिन्याखाली बसवला, तू दार उघडून आत डोकं घातलंस आणि म्हणालीस, "ताई, आता उन्हाळ्यात दूध नासणार नाही." मी पहिलं काय विचारलं असेल? "वरचा कप्पा देवाचा ना?"

फ्रिज तुझा आणि कायदा माझा. वर देवाचं दूध, नैवेद्याचं दही, सणाचं पुरण. शिळं, उरलेलं खाली. उष्टं तर दाराबाहेरच. अंडं घरातच नाही. तू एकदा मुद्दाम दोन अंडी आणून दाराच्या खाचांत बसवलीस.

"काढ ती."

"जाऊबाई, कंपनीने खास अंड्यांसाठी खड्डे करून दिलेत. मी काय ठेवू त्यांत, सुपाऱ्या?"

"सुपाऱ्या ठेव."

एरवी तू मला ताई म्हणायचीस, टोमणा मारायचा असला की जाऊबाई. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर सगळ्या खड्ड्यांत एकेक सुपारी. आठ दिवस मी त्या पाहत होते आणि तोंड वाकडं करून दार लावत होते. मी तेव्हा हसले असते तर काही बिघडलं नसतं. आत्ता लिहिताना हसू आलं, ते काय कामाचं.

चाळीस वर्षं आपण एका स्वयंपाकघरात काढली. तुझा नवरा गेला तेव्हा नितीन पाच वर्षांचा होता. तू शाळेत जायचीस, त्याला मी सांभाळलं. मला मूल झालं नाही. मोठी आई म्हणून हाक मारणारा तो एकच. हे इथे का लिहिते ते पुढे कळेल.

चैत्रात तुला संध्याकाळचा ताप यायला लागला. कोरडा खोकला आणि उजव्या कुशीत कळ. मी म्हटलं, राजघाटावर तापीचा वारा खात बसतेस, त्याचं आहे हे. ओव्याची पुरचुंडी करून शेकलं. माझं औषध तेवढंच. पुढे जिन्याच्या चार पायऱ्या चढून तुला धाप लागायला लागली, तेव्हा नितीन नेपानगरहून आला आणि डॉक्टरकडे घेऊन गेला. फोटो काढला. उजव्या फुप्फुसाभोवती पाणी साचलं होतं.

शनिवारी दुपारी डॉक्टरने पाठीतून सुई घालून पाणी काढलं. मी बाहेर बाकावर बसले होते. पडदा सरकला तेव्हा बाटलीत ते दिसलं, पिवळसर, निवळ, करडईच्या तेलासारखं. तू उठून पदर नीट केलास आणि लगेच डॉक्टरला प्रश्न विचारायला लागलीस, जसा काही तोच तुझ्या वर्गात बसला होता.

"मॅडम, टीबी का शक है," तो म्हणाला. "इस पानी में एक एन्झाइम नापते हैं, एडीए. ज्यादा निकला तो समझो टीबी, दवा शुरू कर देंगे."

बाकीच्या तपासण्या तिथेच झाल्या. ही एक बाहेरगावी पाठवायची होती आणि नमुने नेणारी गाडी निघून गेली होती. आता सोमवारी सकाळी. त्याच्याकडचा फ्रिज बिघडला होता. त्याने नळी एका पिशवीत घालून नितीनच्या हातात दिली. "घर के फ्रिज में रखना. बर्फ में नहीं, बस ठंडे में. सोमवार सुबह ले आना."

घरी आल्यावर मी तुला विचारलं होतं, आठवतं? "एन्झाइम म्हणजे काय गं?"

"आता तुला कसं सांगू. विरजण असतं ना, तसं समज. डोळ्यांना दिसत नाही, पण काम करतं. अंग टीबीशी लढायला लागलं की ते वाढतं. ते किती आहे ते मोजायचं."

"मग फ्रिजमध्ये कशाला?"

"विरजण तापलं की काय होतं?"

"मरतं."

"झालं तर. पास."

म्हणजे मला कळत नव्हतं असं मला म्हणता येत नाही. तापलेल्या दुधात विरजण घातलं की दही लागत नाही, हे मला सातव्या वर्षापासून ठाऊक. आणि तू मला पास केलं होतंस.

नितीनची रविवारची पाळी होती. त्याने पिशवी माझ्याकडे दिली आणि संध्याकाळची गाडी पकडली. तू गोळी घेऊन पडून होतीस.

दुसऱ्या दिवशी आखाजी होती. आपल्याकडे हा पितरांचा दिवस. घागर भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवायचा. तू आजारी, एकटीला सकाळी उरकायचं नाही म्हणून रस मी शनिवारीच काढून ठेवला होता. वरच्या कप्प्यात रसाचं पातेलं, त्याच्या शेजारी पुरण, मागे दूध. मी पिशवी हातात घेऊन दार उघडलं आणि उभी राहिले.

खाली ठेवायची की, असं तू म्हणशील. तेही मनात आलं. पण दार एकच, आतली हवा एकच. माणसाच्या छातीतून काढलेलं पाणी आणि त्याच हवेत पितरांचा रस. मला ते गिळेना. फ्रिज तुझा, पाणी तुझं, त्या पितरांत तुझा नवराही होता. मी तुला विचारायलासुद्धा आले नाही. दार लावलं आणि पिशवी न्हाणीमागच्या कोनाड्यात ठेवली, फिनाइलच्या बाटलीजवळ, पत्र्याखाली. मनाशी म्हटलं, सकाळी नैवेद्य दाखवला की आत ठेवू.

वैशाखातला बुऱ्हाणपूरचा पत्रा. दुपारी त्याखालच्या बादलीतलं पाणी हाताला सोसत नाही. हेही मला कुणी सांगायला नको होतं.

रविवारी घागर भरली. नैवेद्य दाखवला. तू एक पोळी जेमतेम खाल्लीस आणि रस मात्र वाटीभर प्यालीस. दुपारी तुझा ताप चढला, मी कपाळावर पट्ट्या ठेवत बसले. पिशवी डोक्यातून गेली. सोमवारी सकाळी नितीनचा स्टेशनवरून फोन आला, "मोठी आई, रिक्षात बसतोय, ती नळी काढून ठेव," तेव्हा आठवली.

कोनाड्यात हात घातला तर नळी कोमट लागली. सकाळी कोमट, तर आदल्या दुपारी काय असेल, हा विचार मी मनात येऊ दिला नाही. मी काय केलं ते ऐक. पदराने नळी पुसली. फ्रिज उघडला. रस संपला होता, वरच्या कप्प्यात जागा होती. तिथे ठेवली. नितीन येईपर्यंत वीस मिनिटं मिळाली असतील. तो आला, त्याने पिशवी हातात घेतली आणि म्हणाला, "छान गार आहे."

तो गेल्यावर मी तो कप्पा साबणाने धुतला.

विसरणं एक वेळ माफ होईल. ती वीस मिनिटं विसरण्यातली नव्हती.

गुरुवारी कागद आला. आकडा कमी होता. डॉक्टरने कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "टीबी लगता नहीं," म्हणाला. मग सहज विचारलं, "सैंपल फ्रिज में ही था ना?"

"हाँ, मोठ्या आईने ठेवलं होतं," नितीन म्हणाला. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. तूही पाहिलंस. मी मान हलवली. मान हलवायला तोंड उघडावं लागत नाही.

त्यानंतरचं तुला माहीत आहे, तुझ्यावरच गेलं ते. साध्या गोळ्यांचा कोर्स झाला, पाणी कमी झाल्यासारखं वाटलं, पुन्हा भरलं. डॉक्टर दुसऱ्या रोगाचं नाव घेत नव्हता, पण तपासण्या त्याच्याच सांगत होता आणि तुला वाचता येत होतं. आषाढात तू कपाट उघडून बसलीस. पुस्तकं शाळेला, स्वेटर भावजयीला. हिरवी सुती साडी माझ्या मांडीवर टाकलीस.

"मला ती गाठच असणार, ताई. आता ओढाताण नको. नितीनला सांग, जमीन-बिमीन विकायला काढू नकोस म्हणावं."

"गप्प बस. काही नाही तुला."

"तुला काय ठाऊक?"

मला ठाऊक होतं. निदान एवढं ठाऊक होतं की तो कागद भरवशाचा नाही. 'ती नळी बाहेर राहिली होती, पुन्हा पाणी काढा.' आठ शब्द. चौथी पास बाईला येतात. मी साडीची घडी घातली आणि म्हटलं, "हा रंग मला शोभत नाही." तू चिडलीस. मग आपण हिरव्या रंगावर भांडलो. ते भांडण अर्धंच राहिलं, कारण तुला खोकल्याची उबळ आली.

का नाही बोलले, हे विचारशील. तुझ्या रागाची भीती नव्हती. तू तीन दिवस अबोला धरला असतास आणि चौथ्या दिवशी चहा मागितला असतास. भीती नितीनची होती. त्याच्या नजरेतून उतरले तर मला मोठी आई म्हणणारं कुणी उरत नाही. हे तुझ्या जिवापेक्षा मला मोठं वाटलं. असं लिहायची लाज वाटते, पण होतं ते असंच होतं. दुसरं काही लिहिलं तर तेही त्या वीस मिनिटांसारखंच होईल.

भाद्रपदात नितीनने ऐकलं नाही, तुला इंदूरला नेलं. मीही आले. तिथे पुन्हा पाणी काढलं, पुन्हा तीच तपासणी, शिवाय आतल्या अस्तराचा एक तुकडा काढून पाहिला. आकडा भरपूर निघाला, तुकड्यातही तेच दिसलं. टीबी. तिथली डॉक्टरीण सांगत होती आणि तू हसत होतीस. शेजारच्या खाटेवरची बाई बघत राहिली, टीबी झाला म्हणून हसणारी कोण ही.

"ताई, टीबी निघाला गं. हा बरा होतो. साडी परत दे माझी."

डॉक्टरीणबाईने पहिला कागद पाहिला. "ये पहली रिपोर्ट कम कैसे आई? सैंपल गर्मी में तो नहीं रहा?"

"नाही, फ्रिज में था," नितीन म्हणाला. "मी स्वतः हातात घेतलं होतं, चांगलं गार होतं."

मी खिडकीतून बाहेर बघत होते. ती म्हणाली की काही वेळा सुरुवातीला आकडा कमी येतोही, एका कागदावर विसंबून राहायचं नसतं, पाणी पुन्हा भरलं तेव्हा पुन्हा तपासायला हवं होतं. तिचं ते बोलणं मी बुऱ्हाणपूरपर्यंत मुठीत धरून आणलं. नळी गार राहिली असती तरी आकडा कमीच आला असता, असंही असेल. पहिला डॉक्टर चुकला, असंही असेल. पण तो ज्या कागदामुळे चुकला, त्या कागदामागे मी उभी होते आणि हे फक्त मला माहीत होतं. त्या 'असंही असेल'मध्ये मी तुझे शेवटचे दोन महिने झोपून काढले.

परत येताना तू रिक्षा चौकात थांबवून मावा जलेबी घ्यायला लावलीस. अर्धी खाल्लीस, अर्धी मला दिलीस. मी तुझ्या हातचं उष्टं खाल्लं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तुला त्याचं फार कौतुक वाटलं. "जाऊबाई बाटल्या," म्हणालीस. तुला वाटलं मी आनंदाने खाल्लं.

गोळ्या सुरू झाल्या, पण तोवर तुझ्यात काही राहिलं नव्हतं. उचलून बसवताना मनगट हातात यायचं ते कोवळ्या काकडीसारखं. गोळ्या पोटात टिकेनात, मग कावीळ झाली, गोळ्या थांबवाव्या लागल्या, थोड्या-थोड्या पुन्हा सुरू केल्या. "चार महिने आधी आला असता तर," असं डॉक्टर नितीनला दारात म्हणाला. मी आत गहू निवडत होते. ऐकलं.

दिवाळीनंतर, तू जायच्या आठेक दिवस आधी, दुपारी तू पाणी मागितलंस. "फ्रिजमधलं दे." दिलं. दोन घोट घेतलेस आणि भांडं माझ्या हातात दिलंस.

"उरलेलं आत ठेव," म्हणालीस. मग म्हणालीस, "नाही, राहू दे. माझं आहे. बाहेरच ठेव."

आणि माझ्याकडे बघत राहिलीस. तुझ्या खाटेवरून न्हाणीचं दार दिसतं. आखाजीच्या आदल्या संध्याकाळी तू जागी होतीस की झोपेत, मला माहीत नाही. तुला सगळं माहीत होतं आणि मी बोलेन म्हणून तू वाट पाहिलीस, की तू फक्त माझा उष्ट्याचा कायदा पाळत होतीस, तेव्हा कळलं नाही, आता कळायचा रस्ता नाही. त्या क्षणी मला बोलता आलं असतं. तू दारच उघडून दिलं होतंस. मी भांडं बाहेर ठेवलं, ओट्यावर.

बस. आता मागच्या आठवड्याचं सांगते आणि थांबते.

सरकारी दवाखान्याची बाई आली होती. घरात टीबीचं माणूस होतं म्हणून बाकीच्यांची चौकशी करतात. "अम्मा, आपको खाँसी है?" मला पंधरा दिवस आहे. तिने एक डबी दिली, झाकणाची. सकाळी उठल्याबरोबर खाकरून बेडका त्यात काढायचा. "मैं दोपहर में ले जाऊँगी, तब तक ठंडे में रखना. धूप में मत रखना हाँ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबी भरली. झाकण घट्ट लावलं, तिने दिलेल्या पिशवीत घातली, हात धुतले. फ्रिज उघडला. वरच्या कप्प्यात देवाचं दूध होतं. मी पातेलं थोडं सरकवलं आणि त्याच्या शेजारी डबी ठेवली. दार लावलं. नंतर पूजा केली, त्याच दुधाचा नैवेद्य दाखवला. काही झालं नाही. दार उघडायचं, ठेवायचं, दार लावायचं. एवढंच काम होतं, सुमन.

माझा कागद अजून आलेला नाही. यायचा तेव्हा येईल.

वैशाखात तुझी पहिली घागर. ज्या पितरांच्या रसासाठी तुझी नळी मी बाहेर ठेवली, त्यांच्यात आता तू जाऊन बसलीस. रस तुला आवडायचा. पण तो काढायला मी असेन की नाही, घागरीला माझा हात चालेल की नाही, हे नितीनने ठरवायचं आहे. तुझा मुलगा आहे तो. मी सांभाळला म्हणून त्याच्यावर माझा जो हक्क होता, त्यातला किती उरला ते वही वाचून झाल्यावर त्याला कळेल.

तो रविवारी वही न्यायला येणार आहे. मी ती त्याच्या पिशवीत टाकणार नाही, वाटेत गाडीत वाच म्हणूनही सांगणार नाही. हातात देईन आणि तो वाचेपर्यंत समोर बसेन. छापायची की फाडायची, त्याची मर्जी. वाचून झाल्यावर तो एकदा तरी विचारील, "मोठी आई, हे खरं आहे?"

तेव्हा मान हलवणार नाही. तोंडाने सांगेन.